हाताला कळणाऱ्या वस्तू आणि हाताला न कळणाऱ्या वस्तू

सांजवेळ

मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. यात दृष्टिपटलावरच्या, मंद उजेडात काम करणाऱ्या पेशी आधी निकामी होतात. म्हणून माझं रात्रीचं दिसणं सगळ्यात आधी गेलं आणि मग नजरेच्या कडा झिजायला लागल्या. आज भरपूर उजेडात समोरचं पुस्तक वाचता येतं, पण त्याच टेबलावर हातभर अंतरावर ठेवलेला चष्मा दिसत नाही. प्रश्न नीट कळावा म्हणून एवढं आधी सांगितलं.

तीन वर्षांपूर्वी मी एक वही सुरू केली. जी वस्तू हातात येईल तिच्याबद्दल लिहायचं: डोळे मिटून ही वापरता येते का? येत असेल तर ती हाताला काय सांगते? येत नसेल तर कुठे अडतं? वही आता भरत आली आहे, पण त्यातली सगळी निरीक्षणं एकटीची आहेत. म्हणून इथे विचारते आहे.

सुरुवात न्हाणीघरात झाली. शांपू आणि कंडिशनर, एकाच कंपनीच्या, एकाच घाटाच्या दोन बाटल्या. फरक काय तो झाकणाच्या छटेत आणि बारीक अक्षरांत. आणि ही वस्तू वापरायची कुठे, तर जिथे चष्मा काढून ठेवलेला असतो आणि डोळ्यांत फेस जातो. तिथे चांगल्या नजरेचा माणूससुद्धा दोन मिनिटं काही पाहू शकत नाही. मी शांपूच्या बाटलीला रबरबँड गुंडाळला आणि मग शोधायला लागले, की हे आजवर कुणाच्याच लक्षात आलं नाही की काय. आलं होतं. जपानमध्ये काओ कंपनीने १९९१ साली शांपूच्या बाटलीला बारीक खाचा द्यायला सुरुवात केली. कंडिशनरची बाटली गुळगुळीत. तिथल्या इतर कंपन्यांनीही तीच खूण उचलली. जास्तीचा भाग नाही, जास्तीचं काम नाही, साच्यातच चार रेघा. वहीतली ही नोंद मी जाड पेनाने लिहिली आहे. न दिसणाऱ्यांचा विचार करून केलेली खूण डोळ्यांत फेस गेलेल्या प्रत्येकाला उपयोगी पडते, हे मला फार मोलाचं वाटतं.

मग बोटांना सवयच लागली. कीबोर्डवर एफ आणि जे या दोन अक्षरांवर एकेक आखूड उंचवटा असतो. टायपिंग शिकताना मला तो कुणी दाखवला नव्हता, बोटांनी आपसूक ओळखला होता. ॲपलच्या जुन्या कीबोर्डांवर तो डी आणि के वर, म्हणजे मधल्या बोटांखाली असे. पेन्सिल सेलचं सपाट टोक स्प्रिंगकडे जातं, बाहेर आलेलं टोक पत्र्याकडे. बऱ्याच इअरफोनांच्या डाव्या बाजूला एक ठिपका असतो. तीन पिनांच्या प्लगमध्ये अर्थिंगची पिन जाड आणि लांब असते. जाड, म्हणजे ती दुसऱ्या भोकात घुसणार नाही. लांब, म्हणजे प्लग लावताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जाईल आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटेल. ही रचना विजेच्या धोक्यासाठी केली आहे, पण मला तिचा वेगळाच फायदा मिळतो. अंधारात अंगठ्याने ती जाड पिन शोधते, ती वर धरते आणि सरळ लावते.

पाच या आकड्यावरच्या ठिपक्याबद्दल मात्र मला तक्रार आहे. फोनवर आणि पैसे काढायच्या मशीनवर १-२-३ वरच्या ओळीत असतात. कॅल्क्युलेटरवर आणि कॉम्प्युटरच्या आकडेपट्टीवर ७-८-९ वर. हिशोबाच्या यंत्रांची मांडणी आधीपासून तशी होती. टेलिफोनसाठी बेल लॅब्ज या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या संशोधनशाळेने अनेक मांडण्या माणसांवर तपासून १९६० मध्ये निष्कर्ष छापले आणि १९६३ ला बटणांचा फोन आला तो १-२-३ वर घेऊन. दोन्ही घराणी आजही तशीच चालू आहेत. पाच दोन्हीकडे मधोमध, म्हणून ठिपकाही दोन्हीकडे तोच. माझा गुप्त क्रमांक आकड्यांच्या रूपात मला आठवतच नाही, तो बोटांच्या हालचालीत आहे. आकडेपट्टीवर तो टाकताना ठिपका बोटाला सांगतो की जागा बरोबर आहे, आणि आकडे वरचे खाली होतात. दोनदा माझं खातं बंद पडलं ते यामुळे. खूण असूनही दिशाभूल होते याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण माझ्या वहीत नाही.

दारांबद्दल थोडक्यात: ढकलायच्या बाजूला ओढायची मूठ लावू नये. ढकलायच्या बाजूला नुसती सपाट पट्टी असली की हाताला दुसरं काही करताच येत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आमचं जुनं वॉशिंग मशीन पंधरा वर्षं चाललं. त्याला एक मोठी गोल खुंटी होती, तिच्यावर बोटाच्या पेराएवढा उंचवटा. खुंटी डावीकडे पूर्ण फिरवली की अडायची. तिथून उजवीकडे चार खटके म्हणजे रोजचे कपडे, सात खटके म्हणजे चादरी. मी मशीनकडे न बघता, कुणाशी बोलत ते लावत असे. नवीन मशीनला समोर एक काळी काच आहे. चालू केल्यावर तिच्यात चिन्हं उजळतात, बोट टेकवलं की काम होतं. मी त्यावर पारदर्शक सिलिकॉनचे ठिपके आणून चिकटवले, तसे ठिपके अशाच कामासाठी मिळतात. काही उपयोग झाला नाही, आणि का झाला नाही ते कळायला मला आठवडा लागला.

बटणांच्या मशीनवर चाचपणं आणि दाबणं ही दोन वेगळी कामं आहेत. बोटं सगळ्या बटणांवरून फिरतात, कुणालाच काही होत नाही. हवं ते बटण सापडलं की मग जोर द्यायचा. काचेवर चाचपणं म्हणजेच दाबणं. चौथा ठिपका शोधायला निघालेलं बोट वाटेत पहिल्या तिघांना हुकूम देऊन जातं. भर म्हणून प्रत्येक हुकमाला एकच एक बीप. पाण्याचं तापमान बदललं की सुकवण्याचा वेग, हे त्या बीपवरून कळत नाही. काम संपल्यावर एक धून वाजते, मी दार ओढते, ते उघडत नाही.

माझे दोन प्रश्न. तुमच्या कामात किंवा घरात न बघता वापरता येणारी वस्तू कोणती, आणि हाताला ती कशावरून कळते? आणि या काचेचं मी काय करू?

हिरवा पडदा

मी भूलतज्ज्ञांबरोबर तंत्रज्ञ म्हणून काम करते. तुमचा पहिला प्रश्न आमच्या खोलीत रोज जगण्यामरण्याचा असतो.

दुर्बिणीतून शस्त्रक्रिया चालते तेव्हा सर्जनना पडदा नीट दिसावा म्हणून दिवे मंद करतात. भुलेच्या मशीनवर वायूंचा प्रवाह कमीजास्त करायच्या खुंट्या असतात. त्यांतली ऑक्सिजनची खुंटी मुद्दाम वेगळी घडवलेली असते: इतरांपेक्षा मोठी, थोडी पुढे आलेली आणि कडेने खोल पन्हाळी असलेली. बाकीच्यांची कड बारीक असते. हातमोजा असला तरी फरक लागतो. डोळे रुग्णाच्या छातीवर आणि हात ऑक्सिजनवर, असं करता यावं म्हणूनच ती तशी आहे.

दुसरी गोष्ट सिलिंडरची. लहान सिलिंडर मशीनच्या ज्या जोखडात बसतो तिथे दोन पिना बाहेर आलेल्या असतात आणि सिलिंडरच्या तोंडाशी त्यांना जुळणारी दोन भोकं. जागांना क्रमांक आहेत. ऑक्सिजन २ आणि ५, नायट्रस ऑक्साइड (भुलेसाठी वापरायचा वायू) ३ आणि ५, हवा १ आणि ५. ऑक्सिजनच्या जागी नायट्रस लावायला गेलात तर तो बसतच नाही. रंग आहेतच, पण रंग बघावा लागतो.

आता त्यातली खोच सांगते, कारण तुमच्या वहीत ती हवी. सिलिंडर आणि जोखड यांच्यामध्ये एक वॉशर असतो. गळती होते म्हणून घाईत कुणी दुसरा वॉशर घातला, तर दोघांच्या जाडीमुळे पिना भोकांपर्यंत पोचत नाहीत आणि चुकीचा सिलिंडरही घट्ट बसू शकतो. म्हणून नवीन मुलांना मी पहिल्या दिवशी पिना शिकवते आणि दुसऱ्या दिवशी, जुना वॉशर काढला की नाही हे बोट घालून बघायला शिकवते.

काचेबद्दल मला उपाय माहीत नाही.

जुळाऱ्याचा मुलगा

वडील छापखान्यात खिळे जुळवत. शिशाचा एकेक खिळा म्हणजे एकेक अक्षर, अक्षराचा चेहरा उलटा. बघून सरळ-उलटं ठरवत बसलात तर दिवसाला पान होणार नाही. म्हणून प्रत्येक खिळ्याच्या अंगावर, पायाच्या बाजूला, एक आडवी खाच असते. खाच अंगठ्याला लागली की खिळा बरोबर धरला आहे. डोळे हस्तलिखितावर, हात खणांमध्ये.

लहानपणी मला कळलेली आणि अजून विसरलो नाही अशी गोष्ट पुढची आहे. एका घडणीच्या सगळ्या खिळ्यांना खाच एकाच उंचीवर असते. दुसऱ्या घडणीची खाच वेगळ्या जागी, किंवा एकाऐवजी दोन. ओळ भरली की वडील तिच्यावरून अंगठा फिरवत. खाचांची मिळून एक सलग पन्हळ व्हायची. मध्ये कुठे ती तुटली की तिथे एकतर खिळा उलटा आहे नाहीतर परका आहे. मुद्रितं तपासायच्या आधीच एक तपासणी अंगठ्याने झालेली असे. शेवटच्या वर्षांत त्यांना मोतीबिंदू होता आणि तरी त्यांच्या ओळीत उलटा खिळा निघत नसे.

अर्धविराम

सांजवेळताई, मी घरगुती यंत्रांची नियंत्रणं बनवणाऱ्या गटात काम करतो. तुमचं मशीन कुणी बनवलं ते मला विचारायचं नाही, पण असल्या काचा आम्हीही बनवतो. तेव्हा दुसरी बाजू मांडणं माझं काम आहे, आणि शेवटी मी तुमच्याच बाजूने बोलणार आहे.

काच येते त्यामागे खरी कारणं आहेत. खुंटीला आणि बटणाला भोक लागतं. भोकातून पाणी आणि साबणाची वाफ आत जाते. हलणारा प्रत्येक भाग झिजतो. काचेमागे हलणारं काही नसतं, ती एका फडक्याने पुसली जाते, आणि एकाच पाटीवर वेगळं छापून चार मॉडेलं निघतात. तुमची जुनी खुंटी अडायची कारण तिच्यामागे यांत्रिक टायमर किंवा निवडखटका होता. आता खुंटी असली तरी ती बहुधा गरगर फिरणारी असते, तिला ना आरंभ ना शेवट, कारण आतलं यंत्र फक्त "एक पाऊल उजवीकडे, एक पाऊल डावीकडे" एवढंच मोजतं. म्हणजे खुंटी परत आणली तरी तुमचे चार खटके परत येतीलच असं नाही. ते अडणं मुद्दाम घालावं लागेल.

चाचपणं आणि दाबणं यांतला फरक तुम्ही जसा सांगितलात तसा मी आमच्या बैठकांत कधी ऐकला नव्हता. पण दोष काचेचा आहे, असं मी म्हणणार नाही. तुमच्या खिशातला फोन बघा. तीही काचच. २००९ मध्ये आयफोनवर व्हॉइसओव्हर आलं, अँड्रॉइडवर टॉकबॅक. त्यात एक बोट फिरवलं की बोटाखाली काय आहे ते फोन बोलून दाखवतो, करत काही नाही. करायचं असेल तर दोनदा टिचकी. म्हणजे चाचपणं आणि दाबणं तिथे पुन्हा वेगळं केलं आहे, आणि तेही निव्वळ प्रोग्रॅममध्ये. वॉशिंग मशीनमध्येही ते होऊ शकतं. पहिल्या स्पर्शाला नुसता आवाज, अर्धा सेकंद धरून ठेवलं तर काम. बझर तोच राहील, पण तापमानाला खालचा सूर, वेगाला वरचा सूर. एकही नवा सुटा भाग लागत नाही. हे मला ठाऊक आहे, आणि ते आम्ही केलेलं नाही, हेही खरं आहे.

बीपबद्दल आणखी एक. तुमचा बीप "हुकूम पोचला" एवढंच सांगतो. हुकूम पोचणं आणि काम होणं यांत गल्लत झाली की काय होतं याचं उदाहरण आम्हाला शिकताना देतात. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब सोडणारा एक व्हॉल्व्ह उघडाच अडकून बसला. नियंत्रण कक्षातला त्याचा दिवा विझलेला होता, म्हणून तो बंद झाला असं सगळ्यांनी धरलं. दिवा जोडलेला होता व्हॉल्व्हला पाठवलेल्या हुकमाशी. व्हॉल्व्ह कुठल्या स्थितीत आहे हे तो दाखवतच नव्हता. दोन तासांहून जास्त वेळ गरम पाणी बाहेर जात राहिलं.

तुमच्या दाराचं असं आहे: पुष्कळ मशीनच्या कुलपात एक छोटा हीटर आणि तापल्यावर वाकणारी दुहेरी धातूची पट्टी असते. वीज बंद झाली तरी पट्टी गार होऊन सरळ व्हायला मिनिट-दोन मिनिटं जातात. धून वाजते धुणं संपल्यावर. दार सुटतं त्यानंतर, तेव्हा आतून बारीक "कट" असा आवाज येतो. धून सोडा, "कट" ऐका.

सांजवेळ

"कट" ऐकू आला! आज दुपारी कान लावून उभी राहिले. धून संपल्यावर दीड मिनिटाने. वर्षभर मी त्या दाराशी झटत होते.

अर्धविराम, तुमचं उत्तर मी तीनदा वाचलं. फोनचं तुम्ही म्हणता ते मला मान्य करावंच लागेल, कारण हे सगळं मी टॉकबॅकवरूनच लिहिते आहे. वहीत मी "काच वाईट" असं लिहिलं होतं. ते खोडून "काचेला विचारता येत नाही" असं केलं. पण मला एक सांगा, पहिल्या स्पर्शाला आवाज आणि धरल्यावर काम हे जर फक्त प्रोग्रॅममध्ये आहे, तर ते न करण्याचं कारण काय? चांगल्या नजरेच्या माणसाला अर्धा सेकंद जास्त लागेल एवढंच असेल, तर ती सोय एका खुणेने चालू-बंद ठेवता येईल. फोनवर तशीच आहे. हे मी रागाने विचारत नाही, खरंच विचारते आहे. तुम्ही ज्या बैठकांना जाता तिथे मला जाता येत नाही.

जुळाऱ्याचा मुलगा, खाचांची पन्हळ मी आईला वाचून दाखवली. हिरवा पडदा, दुसऱ्या वॉशरची नोंद वहीत गेली.

खडूफळा

मी हालचालींवर ताबा राहत नाही अशा मुलांना शिकवते. सेरेब्रल पाल्सीत हात हव्या त्या कळीवर जाईपर्यंत वाटेत चार कळा दाबतो, म्हणजे तुमच्या बोटाचीच अडचण, कारण निराळं. त्यावर आमच्याकडे साधा उपाय आहे, त्याला की-गार्ड म्हणतात. कीबोर्डवर बसवायची एक जाड पारदर्शक पाटी, प्रत्येक कळीच्या बरोबर वर एक भोक. मूल आख्खा हात पाटीवर टेकवून सरकवतं, काही दाबलं जात नाही. भोक सापडलं की त्यातून बोट खाली. टॅबलेटसाठीही तशा पाट्या असतात. तुमच्या मशीनच्या काचेच्या मापाची पाटी कापून घ्या.

आणि सगळी भोकं गोल ठेवू नका. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमानं उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसायची, कारण वैमानिक फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, मिटायच्या ऐवजी चाकंच मिटत. आल्फोन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये जाऊन पाहिलं तर दोन्हींचे खटके शेजारी शेजारी आणि सारख्याच बनावटीचे. त्याने एकाला छोटं रबरी चाक बसवलं, दुसऱ्याला पाचरीसारखा तुकडा. आजही प्रवासी विमानांत चाकांच्या दांड्याचं टोक चाकाच्या आकाराचं असावं असा नियम आहे. तुम्हीही सुरू करायचं भोक चौकोनी करा, थांबवायचं त्रिकोणी, बाकी गोल.

सांजवेळ

पहिला प्रयत्न फसला. घरात पारदर्शक फाइलचं कव्हर होतं, भाचीने मापं घेऊन त्यात भोकं पाडली. पण कव्हरवर बोट ठेवलं तरी मशीन बीप देतं. भोकात बोट घालायची गरजच पडत नाही!

अर्धविराम

ते तसंच होणार. काचेमागचा संवेदक स्पर्श ओळखत नाही, बोट जवळ आल्याने विजेच्या क्षेत्रात होणारा बदल ओळखतो. जाड काचेतून ओळखावा म्हणूनच तो तसा बनवलेला असतो, त्यामुळे वर अर्धा मिलिमीटर प्लास्टिक आलं तर त्याला पत्ताही लागत नाही. अंतर वाढवा. पाच मिलिमीटर जाडीची हलकी फोमशीट घ्या. फोममध्ये बरीचशी हवा असते, त्यातून बोटाचा परिणाम फार कमी पोचतो. आणि ती मशीन बंद असताना बसवा. मशीन चालू होताना आजूबाजूला काय आहे ते धरून स्वतःची पातळी ठरवतं, त्यात फोमशीटही धरली गेली पाहिजे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: कारण नाही. आम्ही ज्यांच्याकडून यंत्रं तपासून घेतो त्यांत न बघता वापरणारं कुणीही नसतं, म्हणून तो प्रश्न कुणी विचारलेला नाही. येत्या बैठकीत तुमचं ते वाक्य, चाचपणं म्हणजेच दाबणं, मी तुमच्या परवानगीने वाचून दाखवीन.

सांजवेळ

परवानगी आहे. वाचाच. आणि शक्य असेल तर त्यांना डोळे मिटून एकदा मशीन लावायला सांगा.

फोमशीट बसली. काळी, पाच मिलिमीटर, चारही कोपऱ्यांना दुहेरी चिकटपट्टी. मशीन बंद ठेवून लावली, मग चालू केली. आख्खा तळवा टेकवला तरी आवाज नाही. डावीकडून बोट सरकवत गेले: गोल, गोल, गोल, त्रिकोण, चौकोन. चौकोनात बोट सोडलं आणि पाणी भरायचा आवाज आला. त्या वेळी मी खिडकीकडे तोंड करून उभी होते.

एक चूक राहिली आहे. तिन्ही गोल सारखे आहेत आणि मधलं भोक तापमानाचं आहे हे मला मोजून लक्षात ठेवावं लागतं. जुळाऱ्याच्या मुलाच्या वडिलांना स्मरून त्याच्या खालच्या कडेला एक खाच करते आहे. भाची रविवारी येईल तेव्हा ब्लेडने कापून देईल. मग सगळी मापं मिलिमीटरमध्ये इथे लिहून ठेवते. कुणाच्या मशीनला तीच काच असेल तर थेट वापरता येतील.